कुठला काटा खोटं बोलतोय?

कॉकपिटचं रील आलं की खालची पहिली कमेंट ठरलेली असते : ‘भाई, एवढी बटणं लक्षात कशी ठेवतात?’ प्रश्न साहजिक आहे, पण माझ्या मते तो चुकीच्या जागी विचारला जातो. बटणं लक्षात राहतात. रोजच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा अंधारातही हाताला लागतो, तसंच ते असतं. खरा प्रश्न वेगळाच आहे. समोरच्या पाच-सहा स्क्रीनपैकी एखादी खोटं बोलत असेल, तर ते ओळखायचं कसं? आणि ओळखलं, तर ते मोठ्याने बोलायचं कुणी?

हा प्रश्न फक्त पायलट व्हायला निघालेल्यांचा नाही. वसईतल्या होळी, पारनाक्यापासून थेट विरारपर्यंत आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली आता विमानक्षेत्राचा विचार करतात. कुणाला केबिन क्रू व्हायचंय, कुणाला ग्राउंड स्टाफ, कुणाला मेंटेनन्स इंजिनिअर. घरच्यांची तयारी आणि बँकेचं कर्ज जमलं, तर काहींना थेट कॉकपिटच हवंय. त्यांनी हे शिकावंच. पण ज्याला आयुष्यात कधी विमान उडवायचं नाही, त्यानेही कॉकपिट ‘वाचायला’ शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका स्क्रीनवर विसंबून जगायची सवय आपल्या सगळ्यांनाच लागलीय. ती सवय किती महाग पडू शकते याचा पुरावा होळीपासून सरळ रेषेत जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर, वांद्र्यासमोरच्या समुद्रात आहे.

त्या पुराव्याकडे वळण्याआधी स्क्रीन समजून घेऊ. वाटते तेवढी ती अवघड नाही.

निळं वर, तपकिरी खाली

आजच्या कुठल्याही मोठ्या एअरबस किंवा बोइंगमध्ये दोन्ही वैमानिकांसमोर एकेक मुख्य स्क्रीन असते. तिचं नाव प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले, म्हणजेच पीएफडी. मधोमध एक चौकोन, वर निळा, खाली तपकिरी. निळं म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन आणि मधली रेघ म्हणजे क्षितिज. विमानाची छोटी खूण स्क्रीनवर जागची हलत नाही, हलते ती मागची रेघ. विमान उजवीकडे कललं की रेघ उलट्या बाजूला तिरकी होते, अगदी समोरच्या काचेतून खरं क्षितिज दिसलं असतं तशीच. हे झालं कृत्रिम क्षितिज.

त्याच्या डाव्या हाताला वेगाची उभी पट्टी. वेग नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. उजव्या हाताला उंचीची पट्टी, फुटांमध्ये. तिच्या शेजारी विमान दर मिनिटाला किती फूट चढतंय किंवा उतरतंय ते. खाली दिशा, ० ते ३६० अंश. आणि अगदी वर एक बारीकशी ओळ, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल या क्षणी नेमकं काय करतायत ते सांगणारी. रीलमध्ये या ओळीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. खरे अपघात मात्र या ओळीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेही झालेत.

पीएफडीच्या शेजारी नॅव्हिगेशन डिस्प्ले, म्हणजे नकाशा. पुढचा मार्ग, वारा, वादळी ढग, आसपासची विमानं तिथे दिसतात. दोन्ही वैमानिकांच्या मधे इंजिनांची स्क्रीन, जिच्यावर बिघाडाचे संदेशही येतात. एअरबसमध्ये तिला ईकॅम म्हणतात, बोइंगमध्ये आयकॅस. आणि या सगळ्यांच्या घोळक्यात एक लहानसं, गरिबागत दिसणारं यंत्र असतं. ते स्टँडबाय. मुख्य यंत्रणा गेली तरी चालू राहावं म्हणून त्याची व्यवस्था शक्य तेवढी वेगळी ठेवलेली असते. तेही कृत्रिम क्षितिज, वेग आणि उंचीच दाखवतं. म्हणजे विमान किती कललंय हे सांगणारे साक्षीदार कॉकपिटमध्ये किमान तीन असतात. कॅप्टनचा एक, सहवैमानिकाचा एक आणि हा तिसरा.

एकाच गोष्टीसाठी तीन-तीन यंत्रं कशाला? विमान बनवणाऱ्यांना पैसे जास्त झालेत म्हणून? नाही. यंत्र बिघडतं हे त्यांनी गृहीत धरलंय म्हणून.

शरीरही फसवतं

मग यंत्रं सोडून आपल्या अंदाजावर उडवलं तर? तिथे तर आणखी मोठा धोका आहे.

अमावास्येच्या आसपासच्या रात्री सुरुची बागेच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला बघा. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, सांगता येतं? पाय वाळूत घट्ट असतात म्हणून आपल्याला त्याची फिकीर नसते. तोच काळोख ताशी ३००-४०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या काचेबाहेर असेल तर?

आपला तोल सांभाळतात कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यातला द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळल्याची खबर मिळते. पण वळण सावकाश आणि बराच वेळ चाललं की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि खबर बंद पडते. विमान तिरकं असतं, माणसाला वाटतं आपण सरळ आहोत. मग विमान खरोखर सरळ केलं की त्याला वाटतं आपण उलट्या बाजूला कललो. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ना, त्याचाच हा भाऊ. अनुभवाने हा भ्रम जात नाही, कारण तो शरीराच्या रचनेतच आहे.

म्हणूनच १९२९ सालच्या २४ सप्टेंबरला अमेरिकेत जिमी डुलिटल याने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर अजिबात न बघता केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडवलं, वळवलं आणि उतरवलं, तेव्हा विमानविद्येचा नवा अध्याय सुरू झाला. तेव्हापासून प्रत्येक वैमानिकाच्या मनावर एक नियम ठसवला जातो : शरीर काहीही सांगो, यंत्रावर विश्वास ठेव.

पण या नियमाला दुसरा अर्धा भागही आहे. तो असा : यंत्रावर विश्वास ठेव, पण एकट्या यंत्रावर नको.

एकशे एक सेकंद

१ जानेवारी १९७८. नवं वर्ष लागलेलं, रात्रीचे साडेआठ उलटून गेलेले. सांताक्रूझहून दुबईसाठी एअर इंडियाचं ८५५ क्रमांकाचं विमान उडालं. बोइंग ७४७, नाव ‘सम्राट अशोक’. एअर इंडियाचं हे पहिलंवहिलं जम्बो १९७१ मध्ये ताफ्यात आलेलं, त्या काळात देशाच्या अभिमानाचा विषय. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी.

किनारा ओलांडल्यावर विमानाने ठरल्याप्रमाणे उजवं वळण घेतलं आणि मग ते पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज अडकलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, समोर काळं आकाश, बाहेर क्षितिज दिसायचा प्रश्नच नव्हता. कॅप्टनने त्या एका यंत्रावर विश्वास ठेवून विमान ‘सरळ’ करण्यासाठी डावीकडे वळवलं. यंत्र तरीही उजवीकडेच दाखवत होतं, म्हणून आणखी डावीकडे. विमान डाव्या अंगावर कलत ९० अंशांच्याही पलीकडे गेलं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत सगळं संपलं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला. समुद्रातून बाहेर काढलेल्या अवशेषांनी आणि रेकॉर्डरनी तो खोटा ठरवला. चौकशीत जे पुढे आलं ते घातपातापेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे. कॅप्टनचं यंत्र बिघडल्यावर त्याला विमानाच्या खऱ्या स्थितीची कल्पनाच उरली नाही आणि कॉकपिटमधल्या इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरणं कुणालाही जमलं नाही. म्हणजे खरं सांगणारे काटे तिथेच होते, हाताच्या अंतरावर.

ते काय सांगत असतील, याचा विचार करा. विमान खरंच उजवीकडे कललं असेल तर दिशेचा आकडा वाढत जायला हवा. ते डावीकडे वळत असेल तर आकडा कमी होतो. नाक खाली गेलं तर उंची घटते आणि वेग वाढतो. प्रत्येक यंत्र गोष्टीचा एकेक तुकडा सांगतं आणि खऱ्या विमानात हे तुकडे जुळतातच. एक यंत्र म्हणतंय ‘उजवीकडे’ आणि बाकीची चार म्हणतायत ‘डावीकडे आणि खाली’, तर कुणाचं ऐकायचं? खुर्चीत निवांत बसून उत्तर सोपं आहे. काळोखात, दीड हजार फुटांच्याही खाली, हातात मोजके सेकंद असताना ते सोपं राहत नाही. म्हणून त्या कॅप्टनला नावं ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हजारो तासांचा अनुभव असलेला माणूस होता तो. मुद्दा हाच आहे की अनुभव असूनही हे घडू शकतं आणि त्यासाठी वेगळी सवय लावून घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट. रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटच्या काही सेकंदांत फ्लाइट इंजिनिअर कॅप्टनला त्या यंत्रावर विसंबू नका, असं सांगताना ऐकू येतो. कुणाला तरी खरं दिसलं होतं. फक्त उशीर झाला होता.

आकडा येतो कुठून?

यातून निघणारा पहिला धडा : स्क्रीनवरचा आकडा आपोआप उगवत नाही. तो कुठून येतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तो कधी बिघडेल हे कळतं.

वेग मोजते विमानाच्या नाकाजवळची एक बारीक नळी, पिटो ट्यूब. समोरून आत घुसणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूच्या भोकांमधून मिळणारा स्थिर हवेचा दाब यांच्यातल्या फरकावरून वेग काढतात. म्हणजे हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. वसईच्या खाडीत ओहोटीच्या विरुद्ध चाललेली होडी आठवा. पाणी कापण्याचा तिचा वेग भरपूर असतो, पण काठावरचं झाड मात्र हळूच मागे सरकतं. विमानाला उचलून धरते ती हवा, म्हणून वैमानिकाला आधी हवेतला वेग लागतो.

आता ही नळी बंद झाली तर? १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये अटलांटिकवर नेमकं हेच झालं. नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेगाचे आकडे भरकटले, ऑटोपायलट सुटला. नळ्या तर एका मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या. पण तोवर नाक वर खेचलं गेलं होतं आणि पंखांखालचा हवेचा आधार सुटला होता. विमान स्टॉल झालं होतं. स्टॉलचा इशारा वाजत होता, पण वेग फारच कमी झाल्यावर संगणकाने ते आकडे अवैध धरले आणि इशारा बंद झाला. नाक थोडं खाली केलं की आकडे पुन्हा वैध व्हायचे आणि इशारा पुन्हा सुरू! बरोबर कृती केली की आरडाओरडा, चुकीची केली की शांतता. २२८ जण गेले. भोंगा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालता येत नाही.

उंचीचंही तसंच. ती हवेच्या दाबावरून काढतात आणि दाब तर रोज बदलतो. म्हणून उतरण्याआधी कंट्रोलर त्या ठिकाणचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतो आणि वैमानिक तो यंत्रात भरतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. दहाची चूक झाली तर जवळपास ३०० फूट, म्हणजे अंदाजे तीस मजली इमारत. स्क्रीन तरीही तितक्याच आत्मविश्वासाने आकडा दाखवणार. स्क्रीनला कधी लाज वाटत नाही.

ऑक्टोबर १९९६ मध्ये तर पेरू देशात एक बोइंग ७५७ धुतल्यानंतर त्याच्या दाब मोजणाऱ्या भोकांवरची चिकटपट्टी काढायची राहून गेली. वेग आणि उंची दोन्ही बिघडले. रात्रीच्या समुद्रावर ७० जणांचा जीव गेला. कारण काय, तर चिकटपट्टी.

‘आता सगळं कॉम्प्युटरच करतो ना?’

हा आक्षेप येणारच आणि तो अगदीच पोकळ नाही. आजची विमानं १९७८ च्या जम्बोपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. कॅप्टन आणि सहवैमानिकाच्या स्क्रीनमध्ये फरक पडला की तसा इशारा येतो. अनेक विमानांत वेगासारखी माहिती तीन स्वतंत्र ठिकाणांहून घेतात आणि एक वेगळं बोलू लागलं की त्याला बाजूला ठेवतात. मग माणसाने डोकं का खाजवायचं?

कारण एक : यंत्रांची तुलना करायची की नाही, हेही कुणीतरी माणूसच ठरवतो. बोइंग ७३७ मॅक्समध्ये हवेच्या प्रवाहाशी असलेला कोन मोजणारे सेन्सर दोन होते. पण नाक आपोआप खाली ढकलणारी ‘एमकॅस’ ही नवी प्रणाली एका वेळी एकाचंच ऐकायची. दोन सेन्सरचं पटत नाही हे दाखवणारा इशाराही बहुतेक विमानांत चालू नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ जणांचे प्राण गेले. वांद्र्याच्या समुद्रात एका माणसाने एका यंत्रावर विश्वास ठेवला होता. चाळीस वर्षांनी तेच काम संगणकाने केलं.

कारण दोन : मशीन काय करतंय हे माणसाला ठाऊक असावं लागतं. जुलै २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ स्वच्छ उन्हात धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. वैमानिकांना वाटत होतं वेग ऑटोथ्रॉटल सांभाळतोय. तो ज्या मोडमध्ये गेला होता, त्यात तो वेग सांभाळत नव्हता. मघाशी सांगितलेली पीएफडीवरची बारीक ओळ असते ती यासाठी. तीन जणींचा जीव गेला.

तेव्हा कॉम्प्युटर आला म्हणून प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. फक्त चूक आता जास्त चकचकीत स्क्रीनवर दिसते.

आपलं जर्नल काय शिकवतं?

आता आपल्याकडे येऊ. इथे मला थोडं रागावून बोलायचंय.

खरं तर तुलना करणं आपल्याला येतं. वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवर रोज उभं राहणाऱ्याला विचारा. इंडिकेटर म्हणतो स्लो, अनाउन्समेंट म्हणते फास्ट. तो दोन्ही ऐकतो, येणाऱ्या गाडीच्या कपाळावरची पाटी बघतो, घड्याळ बघतो आणि मग चढतो. पाचूबंदरच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारा. बोटीवर जीपीएस आला, पण वारा, पाण्याचा रंग आणि किनाऱ्यावरचे दिवे बघायचं त्याने सोडलेलं नसतं. ज्याचं पोट आणि जीव त्यावर अवलंबून आहे, तो एका साक्षीदारावर कधीच निकाल देत नाही.

मग हेच आपण कॉलेजच्या गेटमधून आत शिरलो की का विसरतो? फिजिक्सचं प्रॅक्टिकल आठवा. ॲमीटर एक सांगतो, पुस्तकातलं उत्तर दुसरंच येतं. आपण काय करतो? रीडिंग ‘बसवतो’. उत्तर आधी, आकडे नंतर. दोन यंत्रांचं पटलं नाही हीच त्या दिवशीची सगळ्यात मोलाची गोष्ट होती, तीच आपण खोडरबराने पुसतो. कनेक्शन सैल होतं का, झिरो एरर होता का, मीटरच बिघडलेला होता का, यात शिकण्यासारखं सगळं होतं. पण जर्नलवर सही हवी असते. आणि मीटर चुकीचा आहे असं सरांना सांगायचं, तर ‘आधी तुझं कनेक्शन बघ’ हे ऐकायची तयारी लागते.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठीही तीच कथा. डीजीसीएच्या लेखी परीक्षेत पास व्हायला ७० टक्के लागतात आणि प्रश्नसंच पाठ करून ते मिळवायची वाट सगळ्यांना माहीत असते. त्यात बेकायदेशीर काहीच नाही. पण पिटो नळी बंद झाल्यावर वेगाचा काटा काय करेल याचा पर्याय ‘क’ पाठ असणं आणि रात्री समुद्रावर तो काटा समोर हलताना ‘हा खोटं बोलतोय’ असं पोटातून उमगणं, यांत फार अंतर आहे. लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. ते तास या दुसऱ्या समजुतीसाठी असतात. लाखो रुपयांचं कर्ज काढून त्यांतून फक्त लॉगबुक भरणार असाल, तर तो सौदा घाट्याचा आहे.

आणि विमानात पाय न ठेवणाऱ्या बाकीच्यांचं काय? १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, तेव्हा एका धूसर क्लिपवरून काही तासांत निकाल लागले होते. फ्लॅप उघडलेच नव्हते, असं छातीठोकपणे सांगणारे ग्रुपवर कितीतरी होते. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात फ्लॅपचा दांडा टेकऑफच्या नेहमीच्या, ५ अंशांच्या जागीच असल्याचं नोंदवलं गेलं. एक क्लिप म्हणजे एक काटा. तिच्यावरून निकाल देणारा माणूस बिचारा समजतो की आपण बातमी वाचतोय.

बोलणारा हवा, ऐकणाराही हवा

तुलना करून काय खरं ते कळलं, तरी अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे ते बोलणं.

‘सम्राट अशोक’ बुडालं त्याच वर्षाच्या शेवटी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलँडजवळ युनायटेडचं एक विमान इंधन संपून कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन संपत आल्याचं इतरांना दिसत होतं, त्यांनी तसं सुचवलंही, पण ठासून सांगितलं नाही. दहा जण गेले. पुढच्याच वर्षी ‘नासा’ने या विषयावर परिषद भरवली आणि तिच्यातून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो : ज्युनिअरने बोललंच पाहिजे आणि सीनिअरने ऐकलंच पाहिजे. आज एक जण विमान उडवतो तेव्हा दुसऱ्याचं अधिकृत कामच ‘लक्ष ठेवणं आणि बोलणं’ असतं. तो उद्धटपणा मानला जात नाही, ती ड्युटी आहे.

हे जमलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं. तुकड्यांनी पंखातल्या वायरी तोडल्या आणि स्क्रीनवर बिघाडांच्या संदेशांची रांग लागली. एकेक वाचून संपेना. कॉकपिटमध्ये त्या दिवशी पाच वैमानिक होते. त्यांनी कामं वाटून घेतली, प्रत्येक संदेश तपासला आणि कॅप्टनने प्रश्नच उलटा केला : काय बिघडलंय ते राहू दे, काय चालू आहे ते सांगा. चालू असलेल्या गोष्टींवर त्यांनी विमान उतरवलं. ४६९ च्या ४६९ जण सुखरूप.

तेव्हा माझं सांगणं थोडक्यात असं. फ्लाइट सिम्युलेटर खेळत असाल तर उद्या एक प्रयोग करा. स्क्रीनवरच्या कृत्रिम क्षितिजावर कागद चिकटवा आणि बाकीच्या आकड्यांवरून विमान सरळ ठेवून दाखवा. दहा मिनिटांत घाम फुटेल आणि दहा तासांचं लेक्चर डोक्यात जाईल. पायलट ट्रेनिंगची संस्था निवडताना विमानं किती नवीन आहेत हे जरूर विचारा. पण यंत्र बंद पडल्याचा सराव किती देता, हेही विचारा. प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही तर ते तसंच लिहा आणि खाली कारण शोधा. त्या दिवशी एक मार्क गेला तर जाऊ दे. आणि वर्गात, ऑफिसात, घरात सगळे एका काट्याकडे बघून माना डोलवत असतील आणि तुम्हाला बाजूचा काटा वेगळं काही सांगताना दिसला, तर शेवटच्या पाच सेकंदांची वाट बघू नका.

आत्ताच बोला.